फ्राँटिनस, सेक्स्टस जूल्यस

फ्राँटिनस, सेक्स्टस जूल्यस : (सु. ३५ – सु. १०३). रोमन प्रशासक, सेनानी व ग्रंथकार. ब्रिटनचा राज्यपाल, तीन वेळा कॉन्सल आणि रोम नगरीच्या पाणीपुरवठ्याचा अधीक्षक ह्या नात्यांनी त्याने काम केले. हयातीत रोममधील अग्रगण्य व्यक्तींत त्याची गणना होत असे. तथापि सामान्य वाचकाच्या परिचयाच्या रोमन इतिहासात त्याचे नाव क्वचितच आढळते. प्राचीन रोममधील अनेक कर्तबगार व्यक्ती त्यांच्याविषयीची साधने नष्ट झाल्यामुळे विस्मृतीत गेल्या. फ्राँटिनसच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. त्याचे दोन ग्रंथ उपलब्ध आहेत, समकालीन लेखकांनी त्याचे उल्लेख केले आहेत आणि त्याच्या नावाचा कोरीव लेखही मिळाला आहे. असे असूनही त्याची उपेक्षा झाली. कारण ज्या प्रकारच्या कर्तृत्वाला इतिहासलेखनाने महत्त्व दिले, त्यात त्याची मुख्य कामगिरी बसत नव्हती. पूर्वजांनी उभारून ठेवलेले नीट मोजणे, राखणे आणि ज्याचे त्याला पोहोचविणे, असे तिचे स्वरूप होते. डी अक्वीडक्टू अर्बिस रोमी (म. शी. रोम नगरीचे जलमार्ग) हा त्याचा ग्रंथ ह्या दृष्टीने वाचला, तर तो केवळ तांत्रिक माहितीचा संग्रह राहत नाही, सार्वजनिक सेवेच्या नीतीविषयीचा एक महत्त्वाचा प्राचीन लेख म्हणून त्याचे मोल ध्यानात येते.

जीवन : नीरोच्या मृत्यूनंतर (६८) उद्‌भवलेल्या यादवी युद्धातून व्हेस्पेशन विजयी झाला, तेव्हा फ्राँटिनस रोमचा नगर-प्रीटर होता. इ. स. ७० च्या प्रारंभी व्हेस्पेशन व त्याचा पुत्र टायटस हे दोन्ही कॉन्सल राजधानीबाहेर असल्यामुळे सीनेटची बैठक बोलाविण्याचे काम फ्राँटिनसकडे आले. व्हेस्पेशनचा धाकटा मुलगा डोमिशन ह्याच्यासाठी त्याने लवकरच ते पद सोडले. सु. ७३ मध्ये तो प्रथम कॉन्सल झाला व त्यानंतर ब्रिटनचा राज्यपाल म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथे त्याने दक्षिण वेल्समधील सिल्यूरीझ ह्या लढाऊ जमातीचा पाडाव केला. ह्याच सुमारास वेल्समधील कार्लीअन येथे रोमनांचे मोठे लष्करी ठाणे उभे राहिले. पुढे डोमिशनच्या कारकीर्दीत तो आशिया प्रांताचा (सध्याच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) प्रोकॉन्सल होता. तुर्कस्तानातील पामुक्कलेजवळ हीएरापोलिस ह्या प्राचीन नगराच्या अवशेषांत त्याच्या नावाचा उल्लेख असलेले तीन कमानींचे प्रवेशद्वार अद्यापि उभे आहे. सम्राट नेर्व्हाने ९७ मध्ये त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधीक्षक नेमले. ९८ मध्ये दुसऱ्यांदा व १०० मध्ये तिसऱ्यांदा तो कॉन्सल झाला; ह्या दोन्ही वेळी खुद्द सम्राट ट्रेजन त्याचा सहकारी होता. राजघराण्याबाहेरील व्यक्तीस तिसऱ्यांदा कॉन्सलपद मिळणे हा त्या काळी असाधारण बहुमान मानला जाई. धाकट्या प्लिनीने एका वारशाच्या तंट्यात सल्ल्यासाठी ज्या दोन व्यक्तींना पाचारण केले, त्यांत फ्राँटिनस होता आणि त्या काळच्या रोममधील सर्वांत आदरणीय पुरुषांत त्याने त्याची गणना केली आहे. फ्राँटिनसच्या निधनाने रिक्त झालेले शकुनपरीक्षक पुरोहिताचे पद पुढे प्लिनीसच मिळाले.

टॅसिटस व फ्राँटिनस : ब्रिटनमध्ये फ्राँटिनसच्या जागी अग्रिकोला आला. रोमन ब्रिटनच्या इतिहासात आज अग्रिकोलाचे नाव सर्वतोमुखी आहे. त्याच्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव मात्र विशेषज्ञांपुरतेच मर्यादित राहिले आहे. दोघांच्या कर्तृत्वातील अंतर हे त्याचे एकमेव कारण नव्हे. इतिहासकार टॅसिटस हा अग्रिकोलाचा जावई होता आणि त्याने आपल्या सासऱ्याचे चरित्र लिहिले. लॅटिन गद्यातील एक उत्कृष्ट कृती म्हणून ते चरित्र टिकून राहिले आणि त्याबरोबर अग्रिकोलाही. ह्याच चरित्रात फ्राँटिनसच्या संपूर्ण कारकीर्दीची बोळवण एका वाक्यात झाली आहे. त्या वाक्यात त्याची प्रशंसा आहे. शत्रूच्या शौर्याबरोबरच भूप्रदेशाच्या अडचणींवरही त्याने मात केल्याचे टॅसिटस सांगतो. मात्र त्या काळात जितके थोर होता येणे शक्य होते तितका तो थोर होता, अशी मर्यादाही त्याने घातली आहे. ह्या शेऱ्याचा रोख एकाधिकारशाहीतील गुणवंतांच्या कोंडीकडे आहे व तो फ्राँटिनसला न्याय देणाराच आहे. तथापि चरित्रनायकाचे तेज वाढविण्यासाठी पूर्वाधिकाऱ्यांना थोडक्यात आटोपणे ही चरित्रवाङ्‌मयाची गरज असते. अग्रिकोलाला उत्तरेकडे मोहिमा काढता आल्या, त्यामागे दक्षिण वेल्समधील सत्ता आधी स्थिरावली होती, ही वस्तुस्थिती त्या संक्षेपात दृष्टिआड होते. कीर्ती ही कर्तृत्वाइतकीच ते नोंदविणाऱ्या लेखणीवरही कशी अवलंबून असते, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

स्ट्रॅटेजेमाटा : डोमिशनच्या कारकीर्दीत फ्राँटिनसने युद्धशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला होता, तो लुप्त झाला आहे. त्याला पूरक म्हणून रचलेला स्ट्रॅटेजेमाटा (म. शी. युद्धातील डावपेच) हा ग्रंथ मात्र उपलब्ध आहे. त्याच्या तीन भागांत अनुक्रमे लढाईपूर्वीचे डावपेच, प्रत्यक्ष लढाईतील व तिच्यानंतरचे डावपेच आणि वेढा घालण्याच्या व मोडण्याच्या युक्त्या ह्यांची ग्रीक व रोमन इतिहासातील शेकडो उदाहरणे वर्गवारीने दिली आहेत. लष्करी शिस्तीसंबंधीचा चौथा भाग त्याचाच की अन्य कोणाचा, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सेनापतीला हवे ते उदाहरण चटकन सापडावे, हा ग्रंथाचा हेतू. वाङ्‌मयीन दृष्ट्या तो रुक्ष आहे. प्रसंग सुटे पडतात, त्यांची कारणमीमांसा होत नाही आणि माहितीतही काही ठिकाणी गफलती आढळतात. वेढ्याची यंत्रे व बांधकामे ह्यांतील शोधांची परिसीमा झाली असून आता त्यांत नवे काही संभवत नाही, असे मत त्याने तिसऱ्या भागाच्या प्रास्ताविकात मांडले आहे. अशा विधानातून त्याच्या प्रज्ञेचे स्वरूप स्पष्ट होते. नव्या कल्पनांची ओढ त्याला नव्हती. उपलब्ध ज्ञान गोळा करून, क्रमवार लावून ते वापरण्याजोगे करण्याकडे त्याचा कल होता. युद्धाच्या बाबतीत ही वृत्ती तोकडी पडली. पाणीपुरवठ्याच्या बाबतीत मात्र तीच त्याचे सामर्थ्य ठरली.

जलमार्गांची पार्श्वभूमी : रोमच्या स्थापनेपासून ४४१ वर्षे नगरवासी टायबर नदी, विहिरी व झरे ह्यांच्याच पाण्यावर समाधानी होते, असे फ्राँटिनस म्हणतो. इ. स. पू. ३१२ मध्ये ॲपिअस क्लॉडिअस ह्याने पहिला जलमार्ग आणला. तो ‘अप्पिया’ ह्या नावाने ओळखला जातो. त्यानंतर ‘जुना आनिओ’ (इ. स. पू. २७२), ‘मार्किया’ (इ. स. पू. १४४), ‘तेपुला’ (इ. स. पू. १२५), ‘जूलिया’ (इ. स. पू. ३३), ‘व्हिर्गो’ (इ. स. पू. १९) आणि ‘आल्सिएतिना’ (इ. स. पू. २) हे जलमार्ग झाले. ‘क्लॉडिया’ व ‘नवा आनिओ’ ह्यांचे काम इ. स. ३८ मध्ये सुरू होऊन ५२ मध्ये संपले. फ्राँटिनसने सूत्रे हाती घेतली तेव्हा हे नऊ जलमार्ग चालू होते. उंच कमानींच्या रांगा हे रोमन जलसेतूंचे सर्वपरिचित चित्र. वस्तुतः त्यांचा बहुतेक भाग जमिनीखालून जाई. फ्राँटिनसच्या नोंदीनुसार अप्पियाची लांबी ११,१९० पासुस (१ पासुस = सु. १·४८ मी.) होती व त्यांपैकी केवळ ६० पासुस भाग जमिनीवर होता. सर्वांत लांब मार्किया सु. ९१ किमी. होता.

ह्या व्यवस्थेचा खरा शिल्पकार ऑगस्टसचा सहकारी मार्कस अग्रिपा. त्याने इ. स. पू. ३३ मध्ये जुन्या जलमार्गांची दुरुस्ती केली, नगरात सातशे हौद व पाचशे कारंजी बांधली आणि देखभालीसाठी स्वतःच्या गुलामांचे पथक ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर (इ. स. पू. १२) हे पथक ऑगस्टसने राज्याच्या स्वाधीन केले व पाणीपुरवठ्यासाठी अधीक्षकाचे पद निर्माण केले. प्रतिष्ठित सीनेट-सदस्यांकडे हे पद असे. परंतु कालांतराने ते केवळ मानाचे होऊन बसले आणि प्रत्यक्ष कारभार हाताखालच्या मंडळींच्या स्वाधीन झाला.

ग्रंथाचे स्वरूप : अशा स्थितीत वयाची साठी ओलांडलेला, प्रांताधिपती राहिलेला हा पुरुष पाणीखात्यात आला. ग्रंथाच्या प्रारंभी त्याने आपली भूमिका सांगितली आहे. सोपविलेल्या कामाची स्वतः माहिती करून घेणे हे अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. हाताखालच्या लोकांच्या सल्ल्यावर विसंबून पद चालविणे ह्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, असे तो मानतो. साहाय्यकांची आवश्यकता त्याला मान्य आहे. मात्र त्यांनी हात व साधने व्हावे, डोके होऊ नये, असा त्याचा आशय आहे. ग्रंथ प्रामुख्याने स्वतःच्या मार्गदर्शनासाठी लिहिला असून तो पुढील अधिकाऱ्यासही उपयोगी पडेल, असे तो नमूद करतो. प्रत्येक जलमार्ग कोणी, केव्हा व कोठून आणला, त्याची लांबी व उंची, नळांची मापे, वितरण, टाक्यांची संख्या, दुरुस्तीच्या पद्धती, कायदे व दंड असा विषयांचा क्रम त्याने आधीच घालून दिला आहे आणि तो बहुतांशी पाळला आहे. जलमार्गांचे नकाशेही त्याने तयार करवून घेतले. दऱ्या, नद्या व डोंगरउतार त्यांत दाखविलेले असल्यामुळे प्रत्यक्ष जागेवर असल्याप्रमाणे निर्णय घेता येई.

जमाखर्चातील तफावत : ग्रंथाचा गाभा मोजमापाच्या प्रकरणांत आहे. पाणी मोजण्याचे एकक ‘क्वीनारिया’ हे होते. सव्वा अंगुळ (सु. २·३ सेंमी.) व्यासाच्या नळीतून जाणारे पाणी, असा त्याचा अर्थ. सम्राटाच्या दप्तरात सर्व जलमार्गांची मिळून जमा १२,७५५ क्वीनारिया दाखविलेली होती, तर वाटप १४,०१८ क्वीनारियांचे होते. जमेपेक्षा खर्च १,२६३ ने अधिक, ही गोष्ट फ्राँटिनसला चमत्कारिक वाटली. पूर्वीच्या अधीक्षकांच्या काळातही ती कागदोपत्री असणारच. ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही एवढेच. फ्राँटिनसने जलमार्गांच्या उगमाशी जाऊन मोजणी केली, तेव्हा दप्तरातील आकड्यांपेक्षा सु. १०,००० क्वीनारिया अधिक पाणी उपलब्ध असल्याचे त्याला आढळले. म्हणजे पाणी अपुरे नव्हते. ते वाटेत नाहीसे होत होते.

पाणी कोठे जाते ह्याचा त्याने घेतलेला शोध हा ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग होय. पंचवीस प्रमाणित नळ्यांपैकी चार नळ्यांची मापे पाणीखात्यातील सेवकांनी बदललेली होती. त्यांतील ज्यांनी पाणी घ्यावयाचे त्या मोठ्या नळ्या वाढविलेल्या आणि ज्याने द्यावयाचे तो नळ लहान केलेला, असा प्रकार होता. ग्राहकाला मंजूर झालेली तोटी ब्राँझची व शिक्का मारलेली असावी, असा नियम होता. परंतु शिक्का नसलेल्या किंवा मंजुरीपेक्षा मोठ्या तोट्या बसविलेल्या आढळल्या. पाण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला, की टाकीला नवे भोक पाडून त्याला नळ देत व जुने भोक न बुजविता त्यातून पाणी विकीत. नगरात ठिकठिकाणी फरसबंदीखाली चोरटे नळ गेलेले होते. मुख्य नळाला भोके पाडून वाटेतील दुकानांना पाणी पुरविणारा एक माणूसच होता व ह्या ‘भोकां’वरूनच त्याला नाव पडले होते. हे चोरटे नळ उखडल्यावर निघालेल्या शिशाच्या साठ्यावरून चोरीची व्याप्ती कळून आली, असे फ्राँटिनस सांगतो. नगराबाहेर शेतकरी जलमार्ग फोडून शेते भिजवीत, तर नगरात दुकाने, माड्या आणि कुंटणखानेसुद्धा अखंड वाहत्या पाण्याचे लाभधारक झाले होते. दुसरीकडे सार्वजनिक हौद कोरडे पडत. घरगुती नळ ही सम्राटाच्या मंजुरीने मिळणारी सवलत होती. बहुसंख्य नगरवासी ह्या हौदांवरच अवलंबून होते. त्यामुळे चोरी झालेले पाणी मुख्यतः गरिबांच्या वाट्याचे होते.

सुधारणा : देखभालीसाठी राज्याचे २४० व सम्राटाचे ४६० असे एकूण ७०० गुलाम होते. त्यांत टाकीरक्षक, गस्त घालणारे, फरसबंदी करणारे, गिलावा करणारे इ. कामकरी असत, परंतु मुकादमांच्या मेहेरबानीने हे लोक खाजगी कामांवर राबत. फ्राँटिनसने प्रत्येक दिवसाचे काम आदल्या दिवशी ठरवून देण्याची व झालेल्या कामाची रोज नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. पाणीपट्टीचे सु. २,५०,००० सेस्टर्शियसांचे उत्पन्न डोमिशनच्या खाजगी तिजोरीत जात असे. नेर्व्हाने ते जनतेला परत दिले व फ्राँटिनसने त्याची वसुली नियमबद्ध केली. हौदांना दोन निरनिराळ्या जलमार्गांचे पाणी देण्यात आले. त्यामुळे एक बंद पडला तरी दुसरा चालू राही. मार्कियाचे निर्मळ पाणी पिण्यासाठी राखून ठेवून जुन्या आनिओचे गढूळ पाणी बागा व गटारे ह्यांकडे वळविण्याची योजनाही ह्याच काळातील आहे. वाया जाणारे पाणीसुद्धा निरुपयोगी ठरत नाही, नगर स्वच्छ दिसू लागले आहे व दूषित हवेची कारणे दूर झाली आहेत, असे तो समाधानाने नोंदवितो.

जुन्या कायद्यांविषयीची त्याची टिपणेही अर्थपूर्ण आहेत. झरे, कमानी व भिंती ह्यांच्या दोन्ही बाजूंस १५ फूट आणि भूमिगत मार्गांच्या बाजूंस ५ फूट जागा मोकळी सोडावी, असा सीनेटचा ठराव (इ. स. पू. ११) त्याने दिला आहे. इ. स. पू. ९ च्या कायद्यानुसार जलमार्गाची जाणूनबुजून हानी करणाऱ्यास १,००,००० सेस्टर्शियस दंड होई. ह्याच संदर्भात तो पूर्वजांची एक रीत सांगतो : जलमार्गाच्या वाटेतील जमिनीचा तुकडा विकण्यास मालक का-कू करू लागला, तर ते त्याचे संपूर्ण शेत विकत घेत आणि लागेल तेवढा भाग ठेवून उरलेला पुन्हा विकून टाकीत. सार्वजनिक गरज व खाजगी हक्क ह्यांची सांगड घालणारी ही रीत त्याला अनुकरणीय वाटते.

वाङ्‌मयीन मूल्यमापन : लॅटिन वाङ्‌मयाच्या इतिहासकारांनी ह्या ग्रंथाला सामान्यतः दुय्यम स्थान दिले आहे. ‘टिपणवजा लेखन’ असे त्याचे वर्णन करता येते व लेखकाचा दावाही त्याहून अधिक नाही. आकड्यांची व अपूर्णांकांची प्रकरणेच्या प्रकरणे वाचकाला थकवितात. नकलाकारांच्या हातून आकड्यांत झालेल्या चुकांमुळे ती अधिकच दुर्गम झाली आहेत. तथापि हा रुक्षपणा सर्वस्वी दोष मानणे योग्य नव्हे. ह्या ग्रंथात नेमकेपणा हा शैलीचा गुण आहे. लबाडी उघडी पाडताना तो संतापाचे शब्द वापरीत नाही. किती पाणी आत आले, किती बाहेर गेले व मधले कोठे मुरले, एवढेच मांडतो. वाचकाचा संताप त्या मांडणीतूनच जागा होतो. टॅसिटसच्या धारदार वक्रोक्तीशी ह्या गद्याची तुलना होऊ शकत नाही; पण सत्ताधाऱ्यांच्या काळात काय बिघडले होते, हे दोघेही आपापल्या परीने सांगतात. आल्सिएतिनाचे पाणी पिण्यास अयोग्य होते. ऑगस्टससारख्या दूरदर्शी सम्राटाला ते आणण्याची बुद्धी का व्हावी हे समजत नाही, असा शेरा तो सहजपणे मारतो. सम्राटपूजेच्या काळात असे स्पष्ट मत दुर्मिळच म्हणावे लागेल.

एके ठिकाणी मात्र त्याचा संयम सुटतो. जलमार्गांचे वर्णन संपविताना, इतक्या लोकांना पाणी पुरविणाऱ्या ह्या आवश्यक बांधकामांपुढे निरर्थक पिरॅमिडे किंवा ग्रीकांच्या नामांकित पण निरुपयोगी वास्तू काय होत, असा सवाल तो करतो. सौंदर्य व उपयुक्तता ह्यांना परस्परविरोधी मानणारी ही भूमिका एकांगी आहे आणि तीत रोमन अभिमानाचा अंशही उघड आहे. तरीही वास्तूचे मोल तिच्या भव्यतेवरून न ठरविता ती किती लोकांच्या कामी येते ह्यावरून ठरवावे, हा विचार प्राचीन वाङ्‌मयात इतक्या थेटपणे क्वचितच मांडला गेला आहे.

मर्यादा : फ्राँटिनसच्या शास्त्रीय ज्ञानाला मर्यादा होत्या. नळातून येणारे पाणी त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबरच प्रवाहाच्या वेगावरही अवलंबून असते. वेगाने पाणी वाढते हे त्याच्या ध्यानात आले होते; तोटी बसविण्याच्या उंचीचा व कलाचा परिणामही त्याने सांगितला आहे. परंतु वेग मोजण्याचे साधन नसल्यामुळे त्याचे सर्व हिशेब केवळ क्षेत्रफळावर आधारलेले आहेत. साहजिकच उगमाशी आढळलेल्या १०,००० क्वीनारियांच्या वाढाव्यातील काही भाग चोरीचा नसून वेगातील फरकाचा असण्याचा संभव आहे. क्षेत्रफळ व वेग ह्यांच्या गुणाकाराने प्रवाह मोजण्याचे तत्त्व सु. दीड हजार वर्षांनंतर बेनेदेत्तो कास्तेल्ली ह्या इटालियन शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात (१६२८) सुस्पष्टपणे मांडले.

त्याच्या नैतिक दृष्टीलाही वर्गीय कड आहे. लबाडीचे खापर तो प्रामुख्याने खालच्या सेवकांवर फोडतो. त्यांच्याकडून चोरीचे पाणी विकत घेणाऱ्या संपन्न नागरिकांविषयी मात्र त्याची भाषा सौम्य होते. अपराध्यांना आधी समज दिली, अनेकांना सम्राटाकडून क्षमा मिळवून दिली आणि पुढे कायद्याचा बडगा उगारावा लागू नये अशी आशा आहे, असे तो शेवटी लिहितो. अलीकडील काही अभ्यासकांनी ह्या ग्रंथाकडे नव्या राजवटीची प्रतिमा उजळविणारे व प्रतिष्ठितांची मने वळविणारे लेखन म्हणूनही पाहिले आहे. नेर्व्हाची वारंवार येणारी स्तुती पाहता ह्या मतात तथ्य आहे. सातशे गुलामांची कामे त्याने बारकाईने नोंदविली. परंतु त्यांपैकी एकाचेही नाव त्याने दिलेले नाही. स्वतः उपेक्षित राहिलेल्या ह्या ग्रंथकाराच्या लेखनात आणखी कितीतरी जण अनामिक राहिले आहेत. असे असले, तरी ग्रंथातील आकडे व कार्यपद्धती ह्यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. प्रचारासाठी लिहिणाऱ्याला जमाखर्चाचा इतका तपशील देण्याचे कारण नव्हते.

ग्रंथाची परंपरा : मध्ययुगात हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला. बाराव्या शतकातील त्याची एक हस्तलिखित प्रत इटलीतील माँते कासीनो येथील मठात पोद्‌जो ब्रात्‌चोलीनी ह्या मानवतावादी विद्वानास १४२९ मध्ये सापडली. प्रबोधनकाळात रोमचे जुने जलमार्ग शोधून ते दुरुस्त करण्याच्या कामी ह्या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष गेले. व्हिर्गो जलमार्ग पोपांच्या कारकीर्दीत पुन्हा कार्यक्षम करण्यात आला व रोममधील प्रसिद्ध ट्रेव्ही कारंजाला त्याच जलमार्गाचे पाणी मिळत आले आहे. व्हेंटुरी जलमापकाचा निर्माता, अमेरिकन अभियंता क्लेमेन्स हर्शेल ह्याने १८९९ मध्ये मूळ हस्तलिखिताच्या छायाचित्रांसह ह्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. साहित्याच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवलेल्या ह्या ग्रंथाचे मर्म पाणी मोजण्याचा व्यवसाय करणाऱ्या अभियंत्यास उमगावे, हे उद्‌बोधक आहे.

उपेक्षेची मीमांसा : रोमन इतिहासलेखन प्राधान्याने रणभूमी, सीनेट व राजवाडा ह्या तीन ठिकाणी वावरते. नगराची रोजची चलनवलने त्याच्या कक्षेत येतात, ती दुष्काळ, आग वा दंगल झाल्यावर. चांगल्या प्रशासनाचे यश असे, की त्यामुळे सांगण्याजोगे काही घडत नाही. हौद भरलेला असला, की त्याची बातमी होत नाही. फ्राँटिनसच्या उपेक्षेचे मूळ ह्या स्वभावात आहे. त्याच्या चरित्रात नाट्य नाही, वध वा आत्महत्या नाही. डोमिशनच्या संशयी राजवटीतूनही तो सुखरूप बाहेर पडला आणि वृद्धापकाळी अंथरुणावर मरण पावला.

आपल्या स्मरणार्थ थडगे बांधण्यास त्याने मनाई केली होती. त्यावरील खर्च अनावश्यक आहे. आपल्या जीवनाने आपण पात्र ठरलो असू, तर स्मृती टिकेल, असे त्याचे म्हणणे होते. धाकट्या प्लिनीने ह्यावर एका पत्रात मार्मिक टीका केली आहे. व्हर्जिनिअस रूफस ह्याने आपल्या पराक्रमाच्या दोन ओळी थडग्यावर कोरण्यास सांगितल्या, त्यापेक्षा आपली स्मृती टिकणार असे जगजाहीर करणे अधिक अहंकाराचे नव्हे काय, असा त्याचा प्रश्न आहे. ह्या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येत नाही. स्मृती आपोआप टिकते ही फ्राँटिनसची श्रद्धा इतिहासाने पूर्णतः खरी ठरविली नाही. अग्रिकोलाला लाभला तसा चरित्रकार त्याला लाभला नाही आणि त्याच्या ग्रंथाचा धागाही एका मठातील एकाच महत्त्वाच्या प्रतीने राखला. मात्र जी प्रत राहिली तिच्यात त्याने स्वतःच्या विजयांची गाथा लिहिलेली नव्हती. एका महानगराला पाणी कोठून येते, किती येते, कोणाच्या वाट्याचे कोण पळवितो आणि ते थांबविण्यास कोणी जबाबदार असावे, ह्याचा तो हिशेब होता. सार्वजनिक संपत्तीचा असा हिशेब स्वतः करणे व तो उघडपणे मांडणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य होय, हा दंडक घालून देणाऱ्या प्राचीन लेखकांत फ्राँटिनसला अग्रस्थान द्यावे लागेल.